‘झोपडपट्टीत फुकट क्लास कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

सध्या साताऱ्यातल्या कॉलन्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. ‘करदात्यांच्या पैशातून झोपडपट्टीत फुकट क्लास कशाला?’ हा त्याचा मथळा. वस्त्यांमध्ये शाळा सुटल्यावर जे अभ्यासवर्ग चालतात, त्यांना नगरपालिकेने, कंपन्यांनी आणि देणगीदारांनी पैसे देणं थांबवावं, असं तो सांगतो. खाली पाच मुद्दे आहेत आणि शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. कोणी लिहिला, ते नाव नाही.

माझ्या मामेभावाने पाठवला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. पण परवा आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई दारात येऊन उभी राहिली. ती धुणीभांडी करते. एका घरी तिला हा मेसेज वाचून दाखवण्यात आला होता. म्हणाली, “बाई, आमच्या पोरी लोकांच्या जिवावर शिकत्यात म्हणं. मग धाडू का नको आता?” हायस्कुलात गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, निवृत्तीनंतर वस्तीतल्या समाजमंदिरात मी या मुलांना घेऊन बसते. त्या आईला असा प्रश्न पडावा, याची मला चीड आली. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तिसरा मुद्दा घेते, कारण तो सगळ्यात खोटा आहे आणि लोकांना तोच सगळ्यात जास्त पटतो. मेसेज म्हणतो: ‘बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले, कर्मवीरांनी स्वावलंबन शिकवलं. जिद्द असेल तर अभ्यासवर्ग लागत नाही.’

हे साताऱ्यात फिरावं? ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून राज्यभर विद्यार्थी दिवस पाळला जातो. पुढे हे कुटुंब मुंबईला गेलं आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहिलं. खोलीत घरचा सगळा संसार. वडील रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. घरात दोघांना पुरेशी जागा नव्हती, म्हणून बापाने स्वतःची झोप दिली. शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे त्याच्यावर नजर पडली ती विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची. त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तकं दिली. कॉलेजात पैसे संपले तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले तेही बडोदा संस्थानच्या पैशावर.

आता मला सांगा, या हकिगतीत जिद्दीशिवाय काय काय आहे? बसून वाचायला जागा आहे. संध्याकाळी चौकशी करणारा, पुस्तक हातात ठेवणारा एक शिक्षक आहे. आणि कोणीतरी खिशातून काढलेला पैसा आहे. वस्तीतला अभ्यासवर्ग म्हणजे नेमक्या याच तीन गोष्टी. बाबासाहेबांची जिद्द लाखात एकाची होती. तेवढी असूनही त्यांना या तिन्ही लागल्या, आणि तुम्ही पाचवीतल्या पोराला सांगता की तुझ्यात जिद्द असेल तर काही लागत नाही?

कर्मवीरांचं नाव घेताना तर जरा विचार करायला हवा होता. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. बोर्डिंग म्हणजे काय? गरिबाच्या पोराला राहायला छप्पर, दोन वेळची भाकरी आणि अभ्यासाला दिवा. मुलं कामं करत, हे खरंच. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हेही खरं. पण बोर्डिंगचा खर्च पोरांच्या कष्टावर भागत नव्हता. कर्मवीर गावोगाव फिरून धान्य आणि देणग्या गोळा करत. बोर्डिंगात पोरांना घालायला काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, रयतेच्या वहिनींनी, अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं. त्या बाईच्या मंगळसूत्रावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा दाखला ‘गरिबाच्या शिक्षणाला पैसे देऊ नका’ म्हणून द्यायचा, हे मला सहन होत नाही.

चौथा मुद्दा खोटा कमी आणि घातक जास्त आहे. ‘संध्याकाळी मुलांनी आईबापाला हातभार लावावा, त्यातून संस्कार होतात. कायदाही शाळेनंतर घरच्या कामाला परवानगी देतो.’

कायद्याचं अर्धं वाक्य बरोबर आहे, ते मान्य करते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी घातली आणि त्यातच शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत करायला सूट ठेवली. पण २०१७ च्या नियमांत पुढचंही लिहिलेलं आहे: दिवसातून तीन तासांच्या वर नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही आणि शिक्षणात अडथळा येईल असं तर नाहीच. मेसेज लिहिणाऱ्याने सूट उचलली आणि अटी टाकून दिल्या.

आणि हातभार लावत नाही असं एक तरी पोर वस्तीत आहे का? संध्याकाळी नळाला पाणी येतं तेव्हा हंडे कोण भरतं? आई कामावरून यायची असते तेव्हा धाकट्याला कडेवर घेऊन कोण फिरतं, तांदूळ कोण निवडतं? सहावी-सातवीतली पोरगी. वर्गात येताना ती धाकट्या भावालाही घेऊन येते. आम्ही येऊ देतो, कारण त्याला नको म्हटलं की तीही येत नाही. तो सतरंजीवर खडूने रेघोट्या मारतो आणि ही शेजारी बसून गृहपाठ करते. पाण्याच्या वेळेला पोरी उठून जातात, हंडे भरून परत येतात. त्यांना आणखी कोणता संस्कार लावायचा राहिला आहे?

या मुद्द्याने होईल काय, तर आधी मुली घरी बसतील. मुलगा संध्याकाळी बाहेर असला तर कोणी विचारत नाही. मुलीला बाहेर पडायला कारण लागतं आणि ‘वर्गाला जाते’ हे आईबापाला चालणारं कारण आहे. ते कारण काढून घेतलं की गृहपाठ राहतो, मग वर्गात बाई रागावतील म्हणून शाळेची एक एक दांडी होते, आणि आठवी-नववीत ‘हिला आता अभ्यास जमत नाही’ असं घरात ठरतं. त्यानंतर स्थळं बघायला सुरुवात. हे मी नोकरीत असताना इतक्या वेळा पाहिलं आहे की ‘संस्कार’ असा शब्द वापरून कोणी पोरीची संध्याकाळ मागायला लागलं की मला भीती वाटते.

राहिला पहिला मुद्दा, ‘शाळा आहे ना? शिक्षकांना पगार आहे ना?’ आणि दुसरा, ‘फुकटाची किंमत राहत नाही, मुलं खाऊसाठी येतात.’ या दोन्हींना एकच उत्तर पुरेल.

दिल्लीत याची नीट परीक्षा झालेली आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. सरकारी शाळांतली ६१९ मुलं घेतली आणि सोडत काढली. निम्म्यांना गरीब वस्त्यांमधल्या, शाळेबाहेरच्या केंद्रांत मोफत प्रवेश मिळाला, बाकीच्यांना नाही. आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड तास: निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाजवळ. साडेचार महिन्यांनी दोन्ही गटांची चाचणी घेतली. केंद्रात जाणाऱ्यांची गणितातली प्रगती बाकीच्यांच्या सुमारे दुप्पट निघाली, हिंदीतही ती पुढे होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जी मुलं केंद्रात नव्हती आणि नुसत्या शाळेत जात होती, त्यांच्यातल्या सगळ्यात मागे पडलेल्या तिसऱ्या हिश्शाची त्या काळातली प्रगती जवळपास शून्य होती. शाळा होती, शिक्षक होते, पगारही होता.

असं का होतं ते कुठलाही गणिताचा शिक्षक सांगेल. त्याच अभ्यासात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. फळ्यावर अपूर्णांकांचा गुणाकार चालला आहे आणि पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. तो त्या एकासाठी तिसरीत परत जाऊ शकत नाही. मीही जाऊ शकले नव्हते. ज्याच्या घरात पैसा आहे तो क्लास लावतो, ज्याच्या घरात शिकलेली आई आहे ती जेवणाच्या ताटावर पाढे घेते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्यासाठी संध्याकाळचा हा वर्ग आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्या माझ्या भावाची दोन्ही मुलं चौथीपासून क्लासला जात होती. त्यांना कोणी विचारलं नाही की शाळा असताना क्लास कशाला.

फुकटाची किंमत राहत नाही म्हणाल, तर दिल्लीतही हजेरी पूर्ण नव्हती. मुलं सरासरी निम्म्याहून थोडे जास्त दिवस आली. तेवढ्यावर हा फरक पडला. आणि खाऊसाठी येतात, तर येऊ देत. दुपारी शाळेत खिचडी खाल्लेलं पोर संध्याकाळी साडेपाचला भुकेलेलं असतं. राजगिऱ्याचा लाडू खाऊन ते तासभर भागाकार करत असेल तर त्यात वाईट काय आहे?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच अभ्यासात शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र फरक दिसला नाही. सातवीतला मुलगा दुसरीवरून चौथीपर्यंत वर आला तरी सातवीचा पेपर त्याच्या डोक्यावरूनच जातो. म्हणून वार्षिक परीक्षेचे गुण बघून ‘वर्गाचा उपयोग काय’ असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागतो. दिल्लीतल्या केंद्रांत प्रत्येक मुलाच्या पातळीचा धडा देणारं संगणकाचं सॉफ्टवेअर होतं. आमच्याकडे फळा, खडू आणि बारावी झालेल्या दोन मुली आहेत. त्यामुळे तेवढाच फरक इथे पडेल असं मी म्हणणार नाही. पण मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मागे पडलेल्या मुलांना वेगळं काढून शिकवत. त्यांच्यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी आणि डुफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी. ते वर्ग शाळेच्या वेळेतच होत, संगणक नव्हता, आणि तिथेही सगळ्यात मागची मुलंच सगळ्यात जास्त पुढे आली.

पाचवा मुद्दा, ‘पैसे संस्थावाले खातात.’ काही ठिकाणी खातात. कागदावर वर्ग, कागदावर मुलं, उद्घाटनाचे फोटो आणि नंतर समाजमंदिराला कुलूप, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि मला त्याची मेसेजवाल्यापेक्षा जास्त चीड आहे, कारण त्यामुळे आमच्याकडेही संशयाने बघितलं जातं. पण त्यावर उपाय हिशेब मागणं हा आहे. वर्ग सुरू होताना प्रत्येक मुलाला काय वाचता येतं, कुठपर्यंत गणित येतं ते लिहून ठेवायला लावा, सहा महिन्यांनी परत तपासा. न सांगता संध्याकाळी सहाला जाऊन उभे राहा. शिकवणाऱ्या मुलींचं मानधन त्यांच्या बँक खात्यात जमा होतं का ते विचारा. यातलं काहीही न करता ‘सगळे खातात’ म्हणून पैसा थांबवला तर खाणारा दुसरी योजना शोधेल आणि पोरं रस्त्यावर बसतील.

करदात्यांच्या पैशाबद्दलही थोडं. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर म्हणून जी रक्कम दिसते ती नगरपालिका गोळा करून राज्य सरकारकडे भरते. त्यातून हे वर्ग चालत नाहीत. नगरपालिकेला अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के राखून ठेवावे लागतात, त्यातून अशा वर्गांना पैसे देता येतील का, ते नगरपालिकेला विचारता येतं. मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावीच लागते आणि शिक्षण त्या यादीत आहे. आणि कर फक्त आपण भरतो, असं समजू नका. ती धुणीभांडी करणारी बाई साबण घेते, लेकरासाठी बिस्किटाचा पुडा घेते, चप्पल घेते, त्या प्रत्येकावर तिने कर भरलेला असतो.

नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत ठरतं. आपल्या वॉर्डात संध्याकाळी चालणारा वर्ग आहे का, त्याला किती रुपये ठेवले आहेत आणि गेल्या वर्षी ठेवलेले खर्च झाले का, हे प्रत्येकाने नगरपालिकेत जाऊन लेखी विचारावं. आमच्या वर्गाची हजेरीवही आणि खर्चाची वही फळ्याशेजारच्या खुंटीला टांगलेली असते. मामेभावाला मी तेच कळवलं आहे: साडेपाच ते साडेसात कधीही ये, वह्या बघ आणि दोन मुलांना भागाकार शिकव.