फुकटातलं पौष्टिक

पर्यावरणाला सगळ्यात कमी त्रास देणारं अन्न म्हणजे एकॉर्न, ओकच्या झाडाचं फळ. त्याचा सगळा त्रास खाणाऱ्याला होतो. झाडाला नांगरट नको, खत नको, फवारणी नको. पानगळ आली की ते आपलं खाली सडा घालतं. शंभर ग्रॅम कच्च्या गरात ३८७ कॅलरी, जवळजवळ २४ ग्रॅम स्निग्धांश, ग्लुटेनचा पत्ता नाही. एवढं वाचलं की माणूस पिशवी घेऊन निघतोच. मीही निघालो. झाडावरची खार ज्या नजरेने बघत होती, तशी नजर मी फक्त भाऊबंदकीच्या दाव्यात पाहिली आहे.

आधी फळं बादलीत टाकायची. तरंगतील ती बहुधा पोकळ, भुंग्याच्या अळीने उरकलेली. पण बुडालेलीही सगळी सज्जन नसतात. रात्री ताटात पसरलेल्या निवडक फळांपैकी एकाला सकाळी मोहरी जाईल एवढं गोल भोक, आणि शेजारी एक गुबगुबीत पांढरी अळी अंग आक्रसत ताटाच्या कडेकडे निघालेली. आमच्या घरात त्या फळांनी पोट भरलेला पहिला जीव तोच.

सोलण्याबद्दल न बोललेलं बरं. नखं अजून दुखतात.

मग टॅनिन, म्हणजे गरातलं तुरट द्रव्य. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यामुळे कच्चा तुकडा चघळला की जीभ आणि टाळू एकमेकांशी अबोला धरतात. त्यावर उपाय एकच: गर दळायचा, पाण्यात भिजवायचा, तपकिरी पाणी ओतायचं, पुन्हा भरायचं, कडवटपणा जाईपर्यंत. उकळलं तर लवकर सुटका होते, पण पिठाचा चिकटपणा जातो. म्हणून गार पाणी, आणि फ्रिजभर बरण्या. झाडाला जे पाणी लागलं नाही, ते सगळं पिठाने वसूल केलं. "अहो, हे खायचंय की नुसतं धूतच बसायचंय?" असा प्रश्न आला, तेव्हा मी बरणी बदलत होतो.

कॅलिफोर्नियातल्या कित्येक मूळ जमातींचं हे हजारो वर्षं मुख्य अन्न होतं. नदीकाठच्या वाळूत खळगा करून त्या त्यात पीठ धूत. कुटून कुटून खडकात पडलेल्या उखळी अजून दिसतात. खडकात! माझं मनगट पहिल्या वाटीलाच बोलायला लागलं. कोरियात या फळांच्या स्टार्चची दोतोरीमुक नावाची जेली करतात आणि त्याचं तयार पीठ पाकिटात मिळतं. खरे धोरणी स्पेनमधले. ते डुकरांना ओकच्या राईत मोकळं सोडतात, भिजवणं-दळणं काही नाही, आणि वर त्या हॅमला सोन्याचा भाव घेतात.

पाव मात्र झाला. काळपट, जड, खमंग. खरंच चांगला लागला, हे मी पैजेवर सांगतो; बाकीच्यांनी "पौष्टिक आहे" एवढंच म्हटलं.

ओकचं पीक लहरी असतं. एका वर्षी सडा, मग काही वर्षं जेमतेम. ही माहिती मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा ओकबद्दल पहिल्यांदाच सगळ्यांच्या तोंडून कौतुक ऐकलं.