चालण्याची चिठ्ठी

रक्त तपासायची चिठ्ठी दिली की पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबच्या दारात हजर असतो. एमआरआयची दिली तर सोबत मेव्हण्यालाही घेऊन जातो. ‘रोज चाला’ असं लिहिलेली चिठ्ठी मात्र फाइलमध्ये जाते आणि पुढच्या खेपेला घडीही न मोडता परत येते.

दोष चिठ्ठीचाही आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन लिहिताना आम्ही डॉक्टर मिलिग्रॅम लिहितो, जेवणाआधी की नंतर तेही लिहितो. व्यायामाची वेळ आली की ‘जरा हालचाल ठेवा’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारतो. म्हणून मी हल्ली डोस लिहितो. आठवड्यातून ५ दिवस, भरभर चालणं, पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा हिशेब मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा आहे, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम. हे सांगितलं की समोरचा गप्प होतो आणि मग वाटाघाटी सुरू होतात.

“फिरतो की डॉक्टर रोज.”

“कुठं फिरता काका?”

“खाली. पाण्याचा टँकर आला का बघायला.”

काकूंचं उत्तर वेगळं. “घरात दिवसभर पायाला भिंगरी असते हो माझ्या!” असते, मान्य. पण ती ओट्यापासून फ्रिजपर्यंत जाते आणि थांबते. श्वास वाढेल इतकी ती सलग फिरत नाही, आणि घरकामाचा शीण म्हणजे व्यायाम झाला असं काकूंच्या गुडघ्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

वेग ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आता आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जाऊन बघा. (कागदोपत्री अनंत कान्हेरे मैदान. रणजीचे सामने झाले तिथे. गोल्फ खेळताना मात्र कुणी दिसत नाही.) चार काका एका ओळीत, अख्खा ट्रॅक अडवून, कांद्याच्या भावावर बोलत चाललेले असतात. ग्रुपचा वेग सगळ्यात रंगात आलेल्या वक्त्याचा. मुद्दा निर्यातबंदीवर आला की चौघेही जागच्या जागी उभे. उभं राहिलेली मिनिटं मी डोसात धरत नाही, म्हणून तिथे मी फारसा लोकप्रिय नाही.

पुण्याच्या मुलानं पाठवलेलं, नाडी मोजणारं घड्याळ हा नवा ताप. काका धापा टाकत चालतात आणि घड्याळ म्हणतं, अजून जोर लावा. काका ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलोल घेतात. ती गोळी नाडीला वर चढूच देत नाही, हे घड्याळाला कोण सांगणार? अशा पेशंटच्या चिठ्ठीवर मी नाडीचा आकडा लिहीतच नाही. श्वासावर चाला म्हणतो.

चिठ्ठी लिहिण्याआधी चार प्रश्न विचारावेच लागतात. चालताना छातीत दाब येतो का? चक्कर येते का? तळपायाला मुंग्या, बधिरपणा? कुठल्या गोळ्या चालू? बसल्या जागी प्रेशर १८०/११० च्या वर असेल तर आधी प्रेशर, मग ट्रॅक. छातीच्या दुखण्याचा इतिहास असेल तर थंडीत पहाटे पाचचा हट्ट नको. निफाडचा पारा उतरला की नाशिककरांना त्याचा अभिमान वाटतो, पण गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार वाढतो. ऊन पडल्यावर निघा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवायची. रक्तातली साखर उतरून थरथर सुटली, घाम फुटला तर तीन-चार चहाचे चमचे साखर तोंडात टाकायची. बिस्किटाचा पुडा इथे कामाचा नाही. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि दवातल्या हिरवळीवर अनवाणी चाललं की चष्मा जातो म्हणतात. चष्म्याचं माहीत नाही. बधिर तळव्यात काटा जातो आणि तीन दिवसांनी मोज्यावरच्या डागावरून कळतं. बूट घाला.

ताकदीचे दोन दिवस सांगितले की सगळे बागेतल्या ग्रीन जिमकडे वळतात, आणि त्यातही त्या पाय ठेवायच्या दोन लोंबत्या पट्ट्यांच्या यंत्राकडे. त्यावर उभं राहून पाय पुढे-मागे सोडले की बाकीचं काम झोक्याचं. एका हातानं दांडी, दुसऱ्या हातानं व्हॉट्सॲप. सांधे मोकळे होतात, पण मांडीला ताकद मिळायला वजन उचलावं लागतं, आणि सगळ्यात स्वस्त वजन स्वतःचं. घरातली खुर्ची घ्या. प्लॅस्टिकची असेल तर पाठ भिंतीला टेकवा, नाहीतर ती फरशीवरून मागे पळते. हात छातीवर आडवे, उठा, बसा. ३० सेकंदांत साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला १४ आणि बाईला १२ वेळाही जमलं नाही तर पाय कच्चे आहेत असं समजा. इथे सगळे दोन लबाड्या करतात: हळूच गुडघ्यावर हात, नाहीतर खाली येताना धप्पकन बसणं. खरं काम त्या सावकाश बसण्यातच आहे.

योगाच्या वर्गाला पाठवायचं तर चिठ्ठी शिकवणाऱ्यासाठी असते, हे आम्ही विसरतो. ‘के/सी/ओ एचटीएन, ओए नी’ (म्हणजे प्रेशर आहे, गुडघे झिजलेत) वाचून योगशिक्षकानं काय करायचं? मराठीत लिहा: प्रेशर आहे, शीर्षासन-सर्वांगासन नको, श्वास रोखून धरणं नको. काचबिंदू आहे, डोकं खाली नको. गुडघे दुखतात, वज्रासन नको, खुर्ची द्या. हाडं ठिसूळ आहेत, कमरेतून पुढे वाकवू नका. हे न लिहिता पाठवलं की पहिल्याच दिवशी सूर्यनमस्कार होतात, दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि तिसऱ्या दिवशी मला ऐकवलं जातं, “तुम्हीच पाठवलं होतं.” जिममध्ये तर चिठ्ठी कोणी वाचत नाही, थेट प्रोटीन पावडरचा डबा दाखवतात.

रविवारचं वेगळं. त्या दिवशी चालणं गंगापूर रोडवर सुरू होतं आणि मिसळीपाशी संपतं. अर्धा तास भरभर चालून साधारण दीडशे कॅलरी जातात. त्या दोन पावांतच परत येतात. तर्री, शेव, पापड आणि वरची जिलेबी हा नफा. मी मिसळ बंद करत नाही, नाशिकमध्ये दवाखाना चालवायचा आहे. चालून झाल्यावर मिसळ की मिसळीसाठी चालणं, एवढंच विचारतो.

न्यूझीलंडमध्ये डॉक्टर व्यायामाची ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ लिहून देतात. तिथली खरी युक्ती कागदात नाही, नंतर पेशंटला फोन करणाऱ्या माणसात आहे. आमच्याकडे तो फोन रिसेप्शनवरच्या ताईंना करावा लागतो, आठव्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर, कारण दुपारी काका झोपलेले असतात. त्यांच्या वहीत कारणांचा रकाना आहे. पाऊस. रस्ता खोदलाय. पाहुणे. श्रावण. जोडीदार गावाला गेला. या शेवटच्या कारणापुढे ताई लाल खूण करतात, कारण एकट्यानं चालणारा सगळ्यात आधी गळतो, आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या पेशंटला विचारून दोघांची गाठ घालून देतात.

“काका, उद्या साडेसहाला खाली या. शेजारच्या बिल्डिंगमधले काका येणार आहेत.”

“येतो की. पण ते हळू चालतात हो!”