कर्ज काढा, जामीनदार मिळतोच

पतपेढीतून पन्नास हजार उचलायचे तर दोन जामीनदार, पगाराची स्लिप आणि मॅनेजरसमोर केविलवाणा चेहरा लागतो. कोडमध्ये कर्ज काढायला यातलं काही लागत नाही. 'नंतर नीट करू' एवढी कॉमेंट टाका, शुक्रवारी रिलीज द्या आणि विरार फास्ट पकडा.

'टेक्निकल डेट', म्हणजे घाईत लिहिलेल्या कच्च्या कोडचं कर्ज, ही उपमा अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये दिली, तीही गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिताना. थोडं कर्ज कामाला वेग देतं, फक्त ते लवकर फेडावं, असं त्यांचं म्हणणं. पहिला अर्धा भाग पाठ करा, मीटिंगमध्ये कामाला येतो.

व्याजाला घाबरू नका. आमच्या मालाडच्या ऑफिसात बिलिंगच्या कोडमध्ये एक ओळ आहे: ग्राहक क्रमांक ४१७ असेल तर जीएसटी दोनदा राउंड करा. का? लिहिणारा केव्हाच पुण्याला गेला. ग्राहक ४१७ सुद्धा आता नाही. पण ओळ काढली की भिवंडीच्या गोदामाची पावती छापायची थांबते. दर महिन्याला कुणीतरी दोन दिवस तिच्यापुढे बसतो आणि हात जोडून उठतो. व्याज भरलं, मुद्दल जिथल्या तिथे.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की रिझर्व्ह बँकेच्या लेखी खातं एनपीए. त्यावर जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज देण्याची शक्कल निघाली. तुम्हीही कोडमधल्या जुन्या फंक्शनवर नवं वेष्टन (रॅपर) चढवा आणि त्याला 'व्ही टू' म्हणा.

भित्रे लोक लगेच नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाल कंपनीचं नाव काढतील. १ ऑगस्ट २०१२ ला आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पण तो कोड २००३ पासून वापरात नव्हता. इतकी वर्षं बिचाऱ्याने तक्रार केली का?

आता परतफेड. ती नोटीस पिरियडमध्ये करायची असते. शेवटच्या आठवड्यात नव्या पोराला प्रेमाने बोलवा, "सगळ्या फायलींचं इंडेंटेशन एकदा नीट कर रे." त्याने कमिट केलं की गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर त्याचंच नाव.

तुम्ही नव्या ऑफिसात रुळला असाल तेव्हा इकडे तो रात्री अकराला फोनवर सांगत असेल, "सर, मी फक्त स्पेस दिल्या होत्या."