बिल्डिंगमधली झुरळं आणि बंद फ्लॅटांच्या चाव्या

पाऊस तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास सुरू होतात, एक टेरेसचं लिकेज आणि दुसरा झुरळं. लिकेजवर सगळे मोकळेपणी बोलतात, ओल्या भिंतींचे फोटो टाकतात, पण झुरळांचं कोणी स्वतःच्या घरचं सांगत नाही. ज्याला विचाराल तो म्हणतो, आमगेर एकूय ना (आमच्याकडे एकही नाही), वरच्यांकडून येतात. वरचे म्हणतात खालच्या रेस्टॉरंटमधून येतात. आणि मग प्रत्येकजण गुपचूप आपापला पेस्ट कंट्रोलवाला बोलावतो, तो ओट्याखाली फवारा मारून जातो, चार दिवस घर शांत आणि शेजारचं घर त्रासात, मग शेजारचे मारतात आणि परत आपल्याकडे. कितीतरी वर्षं हाच खेळ चाललाय इथे गोव्यात, आमच्या पर्वरीत, आणि मी पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा जिथे जिथे नातेवाईकांना विचारलं तिथे सगळीकडे हीच गोष्ट. म्हणून आज सविस्तर लिहितेय. झुरळांचा बंदोबस्त एका फ्लॅटपुरता होतच नाही, तो अख्ख्या बिल्डिंगने एकाच आठवड्यात करायला लागतो, आणि त्यात बंद फ्लॅट आणि खालची दुकानं धरूनच.

मला ह्या विषयाचा राग येतो त्याचं कारण वेगळंच आहे. झुरळ दिसलं की पहिला आळ कामवाल्या बाईवर, दुसरा भाडेकरूंवर. ती भांडी नीट घासत नाही, ते लोक कचरा बाहेर ठेवतात वगैरे. मी अशा मीटिंगला बसलेय जिथे भाडेकरूंना नोटीस काढायची भाषा झाली आणि ज्या पाइपांच्या डक्टमधून झुरळं सगळ्या मजल्यांवर फिरत होती त्याचं दार उघडून बघायची तसदी कोणी घेतली नव्हती. स्वच्छता पाहिजेच, तेलकट ओटा आणि उघडी बादली ठेवून कुठलंच औषध चालणार नाही. पण आरशासारख्या स्वच्छ घरातही झुरळ येतं, कारण त्याला हवं असतं पाणी, ऊब आणि लपायला फट, आणि ह्या तिन्ही गोष्टी त्याला बिल्डिंगच देते, बाई देत नाही.

आता आधी बघायचं कुठलं झुरळ आहे ते, कारण दोघांचे उपाय वेगळे. एक मोठं, तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं, ज्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, उकाड्याच्या संध्याकाळी उडतंसुद्धा आणि लोक किंचाळतात ते हेच. ह्याचं मूळ घर गटार, चेंबर, सेप्टिक टँक, डक्ट. स्वयंपाकघरात ते पाहुणं म्हणून येतं. दुसरं छोटं, फिकट तपकिरी, साधारण दीड सेंटिमीटरचं, डोक्याच्या मागे पाठीवर दोन काळ्या उभ्या रेघा, पंख असून उडत नाही. हे जर्मन झुरळ. बरेच लोक ह्याला मोठ्या झुरळाची पिल्लं समजतात आणि म्हणतात मोठी होतील तेव्हा बघू. अहो ती पूर्ण वाढलेलीच आहेत! आणि हेच जास्त त्रासाचं, कारण मोठ्या झुरळाची मादी अंड्यांची पेटी कुठेतरी कोपऱ्यात चिकटवून जाते आणि त्यात चौदा-सोळा अंडी असतात, छोट्याची मादी मात्र तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिल्लं बाहेर यायची वेळ होईपर्यंत पोटाला लावून फिरते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः अंडी घालायला तयार होतात. एक गाभण मादी कांद्याच्या गोणीतून किंवा सेकंडहँड फ्रिजमधून घरात आली तरी पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

नावावरून जर्मन झुरळ परदेशी पाहुणं वाटतं पण तसं नाही बरं का. 1767 मध्ये लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला युरोपातल्या नमुन्यांवरून नाव दिलं आणि 2024 मध्ये जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की ते साधारण 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एशियन झुरळ नावाच्या दुसऱ्या जातीपासून वेगळं झालं, म्हणजे माणसाच्या घराशी जुळवून घेतलं, आणि मग व्यापाराबरोबर जगभर गेलं. आज ते रानात सापडत नाही, माणसाच्या इमारतीतच जगतं. मला ही माहिती फार महत्त्वाची वाटते, कारण ह्या किड्याला तुमच्या फ्लॅटचा नंबर कळत नाही, त्याच्यासाठी तळमजल्यापासून टाकीपर्यंत सगळी एकच वस्ती आहे.

घरात आहेत की नाहीत हे कसं कळणार? रात्री दिवे घालवून अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन अचानक स्वयंपाकघरात जा. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, मिक्सरच्या बुडाशी, शेगडीखाली, ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये, कपाटाच्या बिजागरीत, पाण्याच्या फिल्टरमागे, वायफायच्या डब्याखाली बघा, जिथे जिथे ऊब आहे तिथे. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ती त्यांची विष्ठा. सोबत कात टाकलेली पारदर्शक सालं, रिकाम्या पेट्या आणि एक कुबट तेलकट वास, जो एकदा नाकात बसला की ओळखू येतो. आणि भरदिवसा ओट्यावर छोटी झुरळं फिरताना दिसत असतील तर फटींमध्ये जागा पुरत नाहीये असं समजा, तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

एक गोष्ट मधेच सांगते. कधी कधी खिडकीच्या काचेवर एक छोटी काळी गांधीलमाशीसारखी माशी दिसते, तिचं चिमुकलं पोट सारखं वरखाली हलत असतं. आम्ही लहानपणापासून ती चपलेने मारायचो. ती मोठ्या झुरळाच्या अंड्यांच्या पेटीत आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली अंडी खाऊन टाकते. माणसाला काही करत नाही. तिला मारू नका, आणि ती वरचेवर दिसत असेल तर जवळपास कुठेतरी झुरळांच्या पेट्या आहेत हे ओळखा.

आता गोव्याचं. आपल्याकडे दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या मुंबईच्या युट्यूब व्हिडिओत सांगत नाहीत. पहिली, बंद फ्लॅट. मालक दिल्लीला, गल्फला, पोर्तुगालला, लंडनला, वर्षातून एकदा डिसेंबरात येणार. अशा फ्लॅटच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचं वाटीसारखं भांडं, असतो, त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी साचून राहतं आणि तेच पाणी खालच्या पाइपातला वास आणि किडे अडवतं. फ्लॅट महिनोन्महिने बंद राहिला की उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि पाइप सरळ घरात उघडतो. मग चेंबरमधली झुरळं वर येतात, ओसाड घरात आरामात राहतात आणि डक्टमधून तुमच्याकडे येतात. तुम्ही तुमच्या घरात कितीही औषध घाला, शेजारी कुलूप लावलेलं गोदाम आहे त्यांचं!

दुसरी गोष्ट सेप्टिक टँक. पणजीत सिवरेज आहे, टोंकला सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, पण पर्वरीपासून फोंड्यापर्यंत कितीतरी बिल्डिंगा अजून सेप्टिक टँक आणि सोक पिटवर (पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यावर) आहेत. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की चेंबर भरतात आणि आतली मोठी झुरळं जीव वाचवायला वर चढतात, म्हणून नेमकी तेव्हाच सगळ्यांच्या बाथरूममध्ये एकदम दिसायला लागतात. त्यावर घरात स्प्रे मारून काय होणार? चेंबरची फुटलेली झाकणं बदला, कडा सिमेंटने बंद करा, सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधा, त्याने डासही कमी होतात. आणि हे काम मे महिन्यात व्हायला पाहिजे, पाऊस सुरू झाल्यावर कोणी मिस्त्री मिळत नाही.

तिसरी गोष्ट आपलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं सामान. सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, सोलां (आमसुलं), चिंच, कांद्याच्या माळा, नारळ. मी कोणाला पुरुमेंत बंद करा म्हणणार नाही, सुक्या सुंगटांच्या किसमुरीशिवाय (खोबरं घातलेल्या कोशिंबिरीशिवाय) आमच्याकडे पावसाळा जात नाही. पण ते पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि गोणपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात, बरणीत ठेवा. पुठ्ठ्याचे थर झुरळांना लपायला फार आवडतात, आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी पोटमाळ्यावर साठवायची सवय आता सगळ्यांना लागलीय ती तर आधी मोडा.

औषधांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. वास मारणारा फवारा म्हणजे जोरदार औषध हा समज डोक्यातून काढा. बहुतेक स्प्रेमधली पायरेथ्रॉइड औषधं झुरळाला फटीतून हुसकून लावतात, समोर दिसलेली मरतात आणि बाकीची पाइपावरून पुढच्या घरी जातात. अंड्यांच्या पेटीत तर औषध पोचतच नाही. शिवाय जर्मन झुरळात ह्या औषधांना प्रतिकार तयार झालाय. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2019 मध्ये दाखवलं की एकाच पिढीत हा प्रतिकार कितीतरी पट वाढू शकतो, आणि जी औषधं वापरलीच नव्हती त्यांनाही तो लागू होऊ शकतो. आणि बिनालेबलच्या बाटल्या कृपा करून घेऊ नका. डायक्लोरव्हॉस, जे घराघरात मारायचे, त्यावर केंद्राने 31 डिसेंबर 2020 पासून बंदी घातलीय, तरी अजून कोणी विचारलं तर "ते जुनं स्ट्राँगवालं आहे" असं ऐकायला मिळतं. लहान मुलं जमिनीवर रांगतात त्या घरात हे मारायचं? पेस्ट कंट्रोलवाल्याला लायसन लागतं, ते मागायला लाजू नका, औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या.

छोट्या झुरळावर सगळ्यात चांगलं चालतं ते जेल, इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असलेलं. मुगाएवढे बारीक ठिपके, खूप जागी, फटींच्या तोंडाशी आणि बिजागरीच्या आत, एकाच जागी मोठा गोळा नाही. झुरळ ते खातं, आपल्या बिळात जाऊन मरतं, आणि दुसरी झुरळं त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात म्हणून विष पुढे जातं. पण जेलवर किंवा शेजारी स्प्रे मारला की झुरळ जवळच येत नाही, पैसे पाण्यात. मी बघितलंय, सकाळी एजन्सीवाला जेल लावून गेला आणि दुपारी सासूबाईंच्या मैत्रिणीने प्रेमाने सगळीकडे हिट मारून ठेवलं. ओट्याला फिनाइल लावतानाही ठिपके पुसायचे नाहीत हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एकच जेल वर्षानुवर्षं नको, कारण 1993 मध्येच शास्त्रज्ञांनी नोंदवलंय की काही जर्मन झुरळांना जेलमधली ग्लुकोजची साखर नकोशी होते आणि ती आमिष खातच नाहीत. आलटून पालटून वापरा. बोरिक ॲसिडही चालतं पण त्याचा अगदी पातळ थर लागतो, ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं, आणि मुलांच्या, कुत्र्यामांजरांच्या हाताला लागेल तिथे ते अजिबात नको.

दम्याचं कोणी मनावर घेत नाही म्हणून सांगते. झुरळांची विष्ठा, लाळ, कात ह्यांची धूळ होऊन ती श्वासात जाते आणि त्याने ॲलर्जी होते, दमा असलेल्या मुलांना तर जास्त. झुरळं मेली तरी ती धूळ राहते, म्हणून नंतर कपाटं ओल्या फडक्याने पुसायची, झाडूने उडवायची नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, रात्रभर पंप जवळ घेऊन बसतात, त्यांच्या घराला लागून असलेला फ्लॅट कित्येक वर्षं बंद आहे आणि मालक फोन उचलत नाही. ह्याला मी शेजारधर्म म्हणणार नाही.

मग करायचं काय. मी आमच्या कमिटीला हेच लिहून दिलंय. एकाच रात्री प्रत्येक घरात सिंकखाली, फ्रिजमागे आणि बाथरूममध्ये स्टिकी पॅड (झुरळं चिकटतात ते पुठ्ठे) ठेवायचे, सकाळी मोजायचं आणि मजल्याप्रमाणे कागदावर मांडायचं. एकावर एक असलेल्या फ्लॅटांचा डक्ट एकच असतो, त्यामुळे एकाच उभ्या ओळीत आकडे जास्त दिसले की डक्ट पकडायचा. मग एकाच आठवड्यात सगळ्या घरांत जेल, डक्ट आणि चेंबरचं काम वेगळं, खालच्या रेस्टॉरंटच्या किचनसकट, कारण तिथली भाजीची क्रेट रोज नवीन झुरळं आणू शकते. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथली गोल भगदाडं सिमेंटने बुजवायची, मोठं झुरळ 3 मिलिमीटरच्या फटीतून जातं त्यामुळे "एवढीशीच तर फट आहे" म्हणायचं नाही. तीनेक आठवड्यांनी परत एक फेरी, कारण मधल्या काळात पेट्यांमधून नवीन पिल्लं आलेली असतात. नंतर महिन्यातून एकदा पॅड. खर्च मेंटेनन्समधून, घरटी वर्गणी नको, नाहीतर अर्धे लोक "आमच्याकडे नाहीत" म्हणून बाजूला होतात आणि काम फुकट जातं.

राहिल्या बंद फ्लॅटांच्या चाव्या. ठराव करा की बंद फ्लॅटची चावी किंवा कोणीतरी स्थानिक माणूस सोसायटीकडे नोंदवायचाच, आणि महिन्यातून एकदा दोन जणांनी मिळून उघडून प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये पाणी सोडायचं. ज्यांना चावी द्यायला जमत नाही त्यांनी निदान जाताना एवढं तरी करून जावं, सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी भरायचं, त्यावर दोन चमचे खोबरेल सोडायचं म्हणजे पाणी लवकर उडत नाही, जाळीवर प्लास्टिक ठेवून वर वजन ठेवायचं, आणि फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवायचं.