'सीनियरचे दहा मंत्र': भाचीच्या खोलीवरून परतल्यावर लिहिलेलं उत्तर

रविवारी संध्याकाळी भाचीच्या खोलीवर गेले होते. मुलगी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची, यंदा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गोव्यात आली आहे आणि दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. घावणे आणि चटणीचा डबा घेऊन मी आत शिरले, तर ही जमिनीवर मांडी घालून केमिस्ट्रीचं जर्नल लिहीत बसलेली. शेजारी मागच्या वर्षीचं, सह्या झालेलं कुणाचं तरी जर्नल उघडं ठेवलेलं आणि त्यावरून उतरवून काढणं चाललेलं. ती लिहीत होती ते अक्षर मला ओळखीचं वाटेना. सगळं डावीकडे कललेलं, इंग्रजी 'जी'ची शेपटी सरळ खाली ओढलेली. तिची शेपटी नेहमी गोल असते, लहानपणापासून. विचारलं, "हे कुणाचं गं?" म्हणाली, "एका सीनियरचं." तिचं स्वतःचं जर्नल बॅगेतच होतं, दोन प्रयोग मागे पडलेलं.

मी काही बोलायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला. "मावशे, पण मेसेजात तसाच लिवलेला आसा गे."

हा तो मेसेज. 'गोव्यात कॉलेजला येताय? सीनियरचे दहा मंत्र.' बारावीचे निकाल लागल्यापासून फिरतो आहे. माझ्याकडे जूनमध्येच चार ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता पुढे सरकवला होता. तेव्हाच वाचायला हवा होता. आता शब्दन् शब्द वाचला आहे आणि ज्या ज्या आईबापांच्या मोबाइलवर तो पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चौथ्या मंत्रापासून सुरू करते, कारण माझ्या भाचीची झोप त्याने घालवली. मेसेज म्हणतो: 'सीनियरांची जर्नलं, असाइनमेंट निमूट पूर्ण करून द्या. याला रॅगिंग म्हणून बोभाटा करू नका, ही गुंतवणूक आहे. परीक्षेच्या वेळी तेच नोट्स देतात.'

याला रॅगिंगच म्हणतात, आणि हे माझं मत म्हणून सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2009 साली रॅगिंगविरोधी नियम काढले. त्यात रॅगिंग कशाला म्हणायचं याची यादी आहे. मारहाण, शिवीगाळ, कपडे उतरवायला लावणं हे सगळं त्यात आहेच. पण त्याच यादीत स्वतःला किंवा गटाला नेमून दिलेलं अभ्यासाचं काम नव्या किंवा दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याकडून करून घेणं हाही स्वतंत्र मुद्दा आहे. पुढचाच मुद्दा पैशांचा: पैसे उकळणं किंवा नव्या मुलांवर जबरदस्तीने खर्च टाकणं. 'पहिल्या महिन्यात सीनियरांना एक पार्टी द्या' असं सांगणारा आठवा मंत्र या मुद्द्यात बसतो. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही गुन्हे शिष्टाचार म्हणून शिकवले आहेत.

बरं, हे नियम कॉलेजच्या फाटकापाशी संपत नाहीत. हॉस्टेल, कॅन्टीन, मैदान, कॅम्पसबाहेरच्या संस्थेच्या जागा, इतकंच काय, मुलं ज्या बसने येतात-जातात ती बससुद्धा त्यात धरली आहे, मग ती सरकारी असो की खाजगी. शिक्षेची यादीही लांब आहे: वर्गातून निलंबन, परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, हॉस्टेलमधून काढणं, प्रवेश रद्द करणं. गुन्हेगारी स्वरूपाचा प्रकार असेल तर माहिती मिळाल्यापासून 24 तासांत पोलिसांत तक्रार नोंदवायची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे. आणि प्रवेशाच्या वेळी मुलाने आणि पालकाने मिळून हमीपत्र भरायचं असतं. आमच्या भावोजींनी ते दोडामार्गच्या सायबर कॅफेत बसून भरलं. काय भरलं, विचारलं तर म्हणाले, "एक फॉर्म होता रॅगिंगचा." हमीपत्रावर सही झाली, आणि मुलीच्या मोबाइलवर उलटं सांगणारा मेसेज बसला. तिने विश्वास मेसेजवर ठेवला, कारण हमीपत्र तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि मेसेज तिच्या भाषेत होता.

तक्रारीसाठी देशभराची हेल्पलाइन आहे, 1800-180-5522, दिवसरात्र चालणारी आणि फुकट. नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. कॉलेजातली रॅगिंगविरोधी समिती, वर्गाचे मेंटॉर शिक्षक ही आधीची पायरी, आणि बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सीनियरांची ओळख उपयोगी पडते हे खरं आहे. कुठल्या सरांना व्हायव्हात काय लागतं, आयएसएची, म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचणीची, तारीख कधी पुढे ढकलली जाते, कुठला इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, नुसता नावाला सोपा आहे, हे सूचनाफलकावर येत नाही. मलाही माझ्या वेळी सीनियरांनी शिकवलं होतं. पण ज्यांनी शिकवलं त्यांनी माझ्याकडून जर्नल लिहून घेतलं नाही. कॅन्टीनमध्ये अर्ध्या चहावर सांगितलं आणि उठून गेले. जी ओळख रात्री दीडपर्यंत जागवते ती परीक्षेत नोट्स देणार, हा हिशेब कुणी कुठे पूर्ण झालेला पाहिला आहे? आणि जुन्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात. कार्ड दाखवा, बसून उतरवून घ्या.

हे वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दहापैकी सहा मंत्रांमध्ये 'विचारू नका', 'मागू नका', 'बोलू नका' असंच आहे. नवीन गावात आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात विचारण्याशिवाय दुसरं काय असतं?

दुसरा मंत्र घरभाड्याचा. 'करार-पावती मागू नका, मालकाचा विश्वास उडतो. डिपॉझिट रोख द्या, खोली पटकन मिळते.' यातला 'पटकन' खरा आहे, बाकी सगळं मुलांना बुडवणारं आहे.

मी 1996 साली पणजीजवळ एका खोलीवर राहायचे. कागद नव्हता, पावती नव्हती, डिपॉझिट 1500 रुपये रोख दिलेलं. नाताळाला आठ दिवस असताना मालकाने सांगितलं, आमचे पाहुणे यायचे आहेत, पंधरा दिवस खोली खाली करा. आम्ही तिघींनी ट्रंका उचलून मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवल्या. परत आलो तेव्हा मोरीत परदेशी साबणाचं वेष्टण पडलेलं होतं. पाहुणे कोण ते तेव्हा कळलं. मार्चमध्ये खोली सोडली, डिपॉझिट आजवर मिळालेलं नाही. भांडायचं कशाच्या जोरावर?

तीस वर्षं होत आली, आणि किनारपट्टीला तर हे आता जास्तच चालतं. सीझनमध्ये एका रात्रीला जो दर मिळतो त्यापुढे विद्यार्थ्याचं महिन्याचं भाडं मालकाला परवडत नाही. म्हणून कागद हवा, आणि त्यात डिसेंबर-जानेवारीत खोली रिकामी करायला लावणार नाही हे लिहिलेलं हवं. करार 11 महिन्यांचा का करतात तेही समजून घ्या. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी करायला लागू नये म्हणून 11 महिने. म्हणजे हा कागद मालकाच्याच सोयीचा आहे, तो मागितल्यावर विश्वास कशाला उडेल? शिवाय भाडेकरूची पडताळणी पोलिसांकडे द्यायची जबाबदारी गोव्यात मालकावरच आहे. जो मालक कागद नको म्हणतो तो पडताळणीही टाळत असतो, आणि उद्या काही झालं तर तुमचं मूल तिथे राहत होतं याचा पुरावाच नसतो.

डिपॉझिट यूपीआयने किंवा बँकेतून द्या, निरोपात 'खोलीचं डिपॉझिट' असं लिहा. विजेच्या मीटरचा पहिल्या दिवशी फोटो काढा. सबमीटर असेल तर युनिटचा दर विचारून कागदावर घ्या. आणि खोली पावसात बघा. मेमध्ये सगळ्या भिंती कोरड्या असतात. जुलैत कपाटाच्या मागे हात घालून बघा, बोटांना ओल लागली की समजा, गादी, पुस्तकं, चामड्याच्या चपला सगळ्यांवर बुरशी येणार. भाचीची खोली मी अशीच बघून घेतली. आधीच्या दोन नाकारल्या तेव्हा तिची आई माझ्यावर चिडली होती.

पहिला मंत्र: 'एफवाय एन्जॉय करा, पहिल्या वर्षाचे मार्क कुणी विचारत नाही.' विचारतात. आपल्याकडे 2023-24 पासून पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आहे. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. आणि चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचं असेल तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून 75 टक्के लागतात. सहा सेमिस्टर, म्हणजे पहिलं आणि दुसरंही त्यात आलंच. पहिल्या वर्षी गमावलेले मार्क तिसऱ्या वर्षी भरून काढताना मुलांची काय अवस्था होते ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. हजेरीचंही तसंच. वर्ग चुकवायचे आणि सेमिस्टर संपताना डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधत फिरायचं, हे दरवर्षी बघायला मिळतं.

सहावा मंत्र दारूचा. 'गोव्यात 18 ला चालते, घाबरू नका.' वय 18 आहे हे खरं, शेजारी महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 आहे. पण एफवायला आलेल्या पुष्कळ मुलांची अठरा वर्षं अजून पूर्ण व्हायची असतात. आणि जिथे बसून प्यायचा सल्ला या मेसेजात दिला आहे, म्हणजे किनाऱ्यावर उघड्यावर, तिथे 2019 पासून बंदी आहे: सुरुवातीला दंड एकट्याला 2,000 रुपये, गटाला 10,000 होता. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. दंडाचं एकवेळ बाजूला ठेवू. रात्री रस्त्यावर पडलेल्या मुलाला पाहिलेली मी बाई आहे, त्यावर इथे लिहिणार नाही.

सातवा: 'बसच्या नादी लागू नका, ओळखीच्याकडून महिन्याने स्कूटर घ्या.' ओळखीच्याची स्कूटर म्हणजे पांढऱ्या पाटीची, खाजगी. गोव्यात भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. खाजगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढे करते. संध्याकाळनंतर गावाकडच्या बसेस मिळत नाहीत हे मात्र मान्य. सत्तरीत, पेडण्यात राहणाऱ्यांना ते चांगलं माहीत आहे. म्हणून खोली घेताना आधी शेवटची बस किती वाजता ते स्टँडवर जाऊन विचारायचं, आणि कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास पहिल्याच आठवड्यात काढायचा. एखाद्या दिवशी उशीर झालाच तर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, आहेत.

पाचवा: 'मराठी बोलू नका, गावठी समजतात.' 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीचा वापर मान्य केलेलं हे राज्य आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याची मुलं वर्गात तुमच्याच बाकावर असतील. आणि भाषेवरून, गावावरून किंवा आर्थिक परिस्थितीवरून कुणी चिडवत असेल, वगळत असेल, तर 2016 च्या दुरुस्तीनंतर तेही त्याच रॅगिंगच्या यादीत बसतं. कोकणी जरूर शिका, तीन महिन्यांत येते. पण लाजून नको.

तिसरा आणि नववा, कपडे कुठून घ्यावेत आणि फोटो कुठे काढावेत, यावर मी वेळ घालवत नाही.

राहिला दहावा. 'यातलं काहीही घरी सांगू नका, त्यांना उगाच टेन्शन येतं.' तीन आठवडे ती हे जर्नल लिहीत होती. रोज रात्री नऊला आईचा फोन यायचा, जेवलीस का, पाऊस आहे का, चतुर्थीला कधी येतेस. रोज उत्तर एकच, सगळं बरं आहे. मी डबा घेऊन गेले नसते तर मलाही हेच उत्तर मिळालं असतं.

त्या रात्री आम्ही तिच्या आईला एकत्र फोन लावला. आई आधी रागावली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "ता जर्नल उद्या परत दी." सोमवारी तिने ते परत दिलं, सहा प्रयोग कोरे ठेवून. सीनियरने का म्हणून विचारलं. हिने सांगितलं, माझंच अपुरं आहे. त्याने उचललं आणि गेला. पुढे काही झालंच तर मेंटॉर मॅडमना काय सांगायचं ते तिने वहीच्या शेवटच्या पानावर तारखांसकट लिहून ठेवलं आहे. आणि मंगळवारी रात्री स्वतःच्या जर्नलच्या पानाचा फोटो पाठवला. 'जी'ची शेपटी गोल होती.