चौघींच्या घराबद्दल

‘द गोल्डन गर्ल्स’ या अमेरिकी टीव्ही मालिकेवरच्या लेखात तिला नुसती ‘चार म्हाताऱ्यांची धमाल’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. १९८५ ते १९९२ चाललेल्या या मालिकेचा पायाच एकटेपण आहे. चौघी एकत्र राहतात ते मायामीतलं घर ब्लांशचं, ती विधवा. तिची मैत्रीण रोझ, तीही विधवा. डोरोथीचा ३८ वर्षांचा संसार मोडलेला. तिची आई सोफिया येते ती वृद्धाश्रम जळाला म्हणून! रात्री झोप उडाली की एकेक जण स्वयंपाकघरात येते, फ्रिजमधून चीजकेक निघतो आणि मनातलं बाहेर पडतं. काका गेल्यावर मावशीला हे दाखवलं, तेव्हा ती हसता हसता म्हणाली, “असं टेबल मलाही हवंय गं.” मुलांच्या दारात न जाता मैत्रिणींनी थाटलेला हा संसार आहे, लेखात त्यावर एक ओळ तरी हवी होती.