‘पगार घ्या आणि गुपचूप विमान पकडा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या पुण्यातल्या शिक्षकांमध्ये एक संदेश सध्या मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: परदेशी शिक्षकाला तिथे कायद्याचे संरक्षण नसते, सही केली की करारातले सगळे मान्य करावेच लागते, पासपोर्ट शाळेकडे ठेवण्याचा नियमच असतो, मुदतीआधी नोकरी सोडली तर दंड भरावा लागतो, म्हणून वाद न घालता पगार जमा झाला की रातोरात निघून यावे, अगदीच अडले तर दूतावास सोडवतो, आणि पुण्यातल्या एजंटाला तर काही विचारताच येत नाही. या विधानांवर विसंबून शिक्षक आपल्या हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात, म्हणून त्यांना एकेक करून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिली दोन विधाने एकत्रच घेतो. कामगार कायदा काम जिथे होते तिथला लागतो, आणि कामगाराच्या हातात कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे हा मुद्दा सहसा गौण ठरतो. दक्षिण कोरियात वर्षभर नोकरी झाली की सोडताना दर वर्षामागे किमान ३० दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी रक्कम मिळते आणि ती परदेशी शिक्षकालाही मिळते. काही खासगी शिकवण्या मुद्दाम अकरा महिन्यांचा करार पुढे करतात तो हीच रक्कम चुकवण्यासाठी, तेव्हा मुदत वाचताना तिथे थांबावे. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे आणि त्यात दिलेले हक्क हे किमान हक्क आहेत. त्यापेक्षा कमी देणाऱ्या अटीवर शिक्षकाने सही केली असली, तरी ती अट टिकत नाही.

मात्र कायदा आपल्या बाजूने आहे एवढे माहीत असून भागत नाही, नेमके कुठे आहे ते पाहावे लागते. कोथरूडच्या एका शिक्षिकेने मला तिची कागदपत्रे दाखवली होती. ऑफर लेटरवर महिना ४,००० दिरहम असा आकडा ठळक होता आणि खाली फोड होती: मूळ वेतन २,०००, बाकीचे घरभाडे आणि प्रवासभत्ता. तिची तक्रार अशी होती की, ग्रॅच्युइटी निम्मीच दाखवून शाळेने आपल्याला फसवले. परंतु तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते ती मूळ वेतनावर. म्हणजे वर्षाला १,४०० दिरहम, आणि तीन वर्षांचे ४,२००. या मुद्द्यावर ती भांडली असती तर हरली असती. खरी गफलत दुसऱ्याच कागदात होती. रुजू झाल्यावर आठवड्याभरात शाळेने तिच्याकडून एका वेगळ्या पत्रावर सही घेतली होती आणि त्यात मूळ वेतन १,६०० केले होते. अमिरातीत करार हा तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातल्या ऑफर लेटरशी जुळावा लागतो. त्यात शिक्षकाच्या फायद्याचे काही वाढवता येते, असलेले कमी करता येत नाही. तिची बाजू भक्कम होती ती इथे, आणि तिने ऑफर लेटरची प्रत जपून ठेवली होती म्हणूनच ती मांडता येत होती.

पासपोर्टाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९६७ च्या पारपत्र अधिनियमाचे कलम १७ स्पष्ट सांगते की, भारतीय पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो गहाण ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. अमिरातीचा कायदाही कामगाराची अधिकृत कागदपत्रे जप्त करायला मनाई करतो. व्हिसाच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट द्यावा लागला तर पोच घ्यावी आणि काम झाल्याबरोबर तो परत मागावा. पदवीच्या मूळ प्रमाणपत्राबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण ते अडकले की दुसरीकडे अर्जच करता येत नाही.

दंडाच्या भीतीने अनेकजण वाईट नोकरीत अडकून राहतात. जपानच्या श्रम मानक कायद्याचे कलम १६ करारभंगासाठी दंडाची रक्कम आधीच ठरवून ठेवायला बंदी घालते आणि कोरियाच्या कायद्यातही तशीच बंदी आहे. चीनच्या २००८ पासून लागू असलेल्या श्रमकरार कायद्यात मालकाने खर्च केलेले विशेष प्रशिक्षण आणि स्पर्धाबंदी (नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट) या दोनच कारणांसाठी कामगारावर असा दंड लावता येतो. अमिरातीत भरतीचा खर्च शिक्षकाच्या पगारातून थेट किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही, त्यामुळे ‘व्हिसाचे पैसे भर, मग जा’ ही मागणी बेकायदा आहे. नोटिशीची मुदत न पाळल्यास त्या काळाचे वेतन द्यावे लागू शकते, हे मात्र खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आता रातोरात निघून येण्याविषयी. या संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. न सांगता निघून आलेल्या शिक्षकाची ‘गैरहजर’ अशी नोंद मालक करू शकतो, आणि अमिरातीत तशी नोंद झाल्यावर वर्षभर नवीन वर्क परमिट मिळत नाही. मागे राहिलेले कर्ज किंवा घरभाडे विमानाबरोबर संपत नाही: जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित केले, तेव्हापासून तिथल्या न्यायालयाच्या पैशांबाबतच्या हुकुमाची अंमलबजावणी इथल्या जिल्हा न्यायालयातून करून घेता येते. म्हणजे दुबईतला निकाल शिवाजीनगरच्या न्यायालयात पोहोचू शकतो. उलट, मालकाने जबाबदारी पाळली नाही तर रीतसर बाहेर पडण्याची वाट अमिरातीच्या कायद्यानेच ठेवली आहे. नोकरी सोडण्याच्या १४ कामकाजी दिवस आधी मंत्रालयाला कळवले आणि तरीही मालकाने चूक दुरुस्त केली नाही, तर नोटिशीचा काळ न भरता हक्क शाबूत ठेवून नोकरी सोडता येते. करार संपल्यावर सर्व देणी १४ दिवसांत चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे. नाही केली तर तक्रार मंत्रालयाकडे जाते, आणि २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालयच निर्णय देते. अध्यापकाचे बहुतेक दावे या मर्यादेत बसतात. ‘कोर्टकचेरीत वर्षे जातील’ या भीतीने ज्यांनी पैसे सोडले, त्यांना ही तरतूद कुणी सांगितली नव्हती याचे मला वाईट वाटते.

या सगळ्यासाठी पुरावा लागतो आणि तो वाद सुरू होण्याआधी जमवावा लागतो. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलेले जादा तास त्याच दिवशी ईमेलने ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ असे लिहून परत पाठवावेत, वेळापत्रकाचे फोटो तारखेसह ठेवावेत, पगाराची प्रत्येक पावती शाळेच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर घ्यावी. कारण राजीनाम्याच्या दिवशी शाळेचे ईमेल खाते बंद होते.

दूतावास तुमचा खटला लढवत नाही आणि मालकाला हुकूम देऊ शकत नाही. तो प्रवासाची कागदपत्रे देतो, मालकाशी बोलतो, अडचणीतल्या नागरिकाला समुदाय कल्याण निधीतून मदत करू शकतो. २०१५ पासून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर घरच्यांनाही पुण्यात बसून तक्रार नोंदवता येते. ती जरूर नोंदवावी, पण तिथल्या श्रम खात्यातल्या तक्रारीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे.

राहिला एजंट. त्याने पैसे पुण्यात घेतले असतील आणि सांगितलेली नोकरी, पगार किंवा शाळा खोटी निघाली असेल, तर फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली इथल्या पोलीस ठाण्यात करता येते. सेवेतील त्रुटीसाठी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे, आणि त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. रोख रक्कम देऊन पावती न घेतलेल्यांची बाजू इथे लंगडी पडते, तेव्हा पैसे बँकेतूनच द्यावेत आणि नोंदणीकृत एजंटांची यादी पैसे देण्याआधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट या पोर्टलवर पाहून घ्यावी.